पॉल बिग्सबी

पॉल ॲडलबर्ट बिग्सबी (१२ डिसेंबर, १८९९ - ७ जून, १९६८) हे अमेरिकन वाद्यनिर्माते, यंत्रकारागीर आणि संशोधक होते. वादकाच्या मागणीनुसार घडविलेल्या पेडल स्टील गिटारी, भरीव लाकडाची सुरुवातीची विद्युत गिटार आणि 'बिग्सबी व्हायब्रेटो' या नावाने जगभर परिचित असलेली कंपनयंत्रणा यांसाठी ते ओळखले जातात. संगीतक्षेत्रात येण्यापूर्वी ते मोटारसायकल शर्यतपटू होते आणि लॉस एंजेलिस येथील क्रॉकर मोटारसायकल कंपनीत कारखाना प्रमुख होते. कॅलिफोर्नियातील डाउनी या गावी त्यांची लहानशी कार्यशाळा होती. तेथे तयार झालेल्या वाद्यांची संख्या थोडी असली, तरी अमेरिकन कंट्री संगीताचा नाद आणि विद्युत गिटारीची घडण या दोहोंवर त्यांचा दूरगामी परिणाम झाला.

सुरुवातीचे जीवन

बिग्सबी यांचा जन्म अमेरिकेतील इलिनॉय राज्यात झाला. पुढे ते दक्षिण कॅलिफोर्नियात स्थायिक झाले. ओतकामासाठी लागणारे लाकडी साचे तयार करणे हा त्यांचा मूळ व्यवसाय. धातूचा कोणताही भाग ओतण्यापूर्वी त्याची हुबेहूब लाकडी प्रतिकृती करावी लागते. ती वाळूत दाबून पोकळी तयार करतात आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. थंड होताना धातू आकुंचन पावतो, म्हणून प्रतिकृती किंचित मोठी ठेवावी लागते. त्यामुळे या कामात सुताराचा हात आणि यंत्रकाराचे मोजमाप ही दोन्ही कौशल्ये एकाच माणसाकडे असणे आवश्यक असते. बिग्सबी यांच्या पुढील वाद्यनिर्मितीचा पाया याच व्यवसायात घातला गेला.

तरुणपणी त्यांना मोटारसायकलींचा नाद होता आणि ते शर्यतींत भाग घेत. अल्बर्ट क्रॉकर यांच्या कंपनीत त्यांनी कारखाना प्रमुख म्हणून काम केले. ही कंपनी १९३० च्या दशकात आधी शर्यतीच्या व पुढे दोन सिलिंडरांच्या शक्तिशाली मोटारसायकली बनवीत असे. १९३६ मध्ये बाजारात आलेल्या तिच्या व्ही आकाराच्या इंजिनाच्या भागांची रचना करण्यात बिग्सबी यांचा वाटा होता. क्रॉकरच्या मोटारसायकली फार थोड्या निघाल्या आणि गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे त्यांत बदल करून दिले जात. ॲल्युमिनियमचे ओतीव भाग, ते चकचकीत करण्याची पद्धत आणि प्रत्येक यंत्र एका विशिष्ट माणसासाठी बनविण्याची सवय या गोष्टी बिग्सबी यांनी तेथून आपल्या वाद्यांत आणल्या, असे त्यांची वाद्ये पाहताना जाणवते.

वाद्यनिर्मितीकडे वळण

१९४० च्या दशकात लॉस एंजेलिस व आसपासच्या भागात वेस्टर्न स्विंग आणि कंट्री संगीताला मोठी मागणी होती. युद्धकाळात कारखान्यांतील कामासाठी देशाच्या अंतर्भागातून आलेली असंख्य कुटुंबे तेथे वसली होती. त्यांच्यासाठी नृत्यगृहे आणि नभोवाणीचे कार्यक्रम चालत. या संगीतात स्टील गिटारला मानाचे स्थान होते.

स्टील गिटार म्हणजे मांडीवर किंवा पायांच्या चौकटीवर आडवी ठेवून वाजविण्याची गिटार. तिचा उगम हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. ही पद्धत रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः जोसेफ केकुकू यांना दिले जाते. भारतात 'हवाईयन गिटार' म्हणून परिचित असलेले वाद्य याच घराण्यातील आहे. यात डाव्या हाताच्या बोटांनी तारा पट्ट्यांवर दाबल्या जात नाहीत. पोलादाची गुळगुळीत सळई तारांवरून सरकवून स्वर काढले जातात. सळई सरळ असल्याने सर्व तारांचे स्वर एकाच प्रमाणात वरखाली होतात. परिणामी तारा ज्या स्वरमेळात जुळविल्या असतील, त्याच स्वरमेळाशी वादक बांधला जातो. ही मर्यादा ओलांडण्यासाठी वादक निरनिराळ्या जुळणीच्या दोन, तीन किंवा चार माना एकाच वाद्यावर बसवून घेत. त्यामुळे वाद्य जड होई आणि वाजविताना हात एका मानेवरून दुसऱ्या मानेवर न्यावा लागे.

दुसरा उपाय पेडलचा होता. पायाने पेडल दाबताच ठरावीक तारा ताणल्या किंवा सैल केल्या जाव्यात, अशी ही कल्पना. गिब्सन कंपनीने दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास 'इलेक्ट्राहार्प' नावाचे असे वाद्य बाजारात आणले होते, परंतु युद्धामुळे त्याचे उत्पादन थांबले. युद्धानंतर या कल्पनेला व्यावसायिक वादकांच्या हाती टिकेल असे भक्कम रूप देण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत बिग्सबी प्रमुख होत.

पेडल स्टील गिटारींची निर्मिती

बिग्सबी यांनी सुरुवातीला स्पेड कूली यांच्या वाद्यवृंदातून प्रसिद्धीस आलेले वादक वाकीन मर्फी यांच्यासाठी स्टील गिटार बनविली. पाठोपाठ १९४८ मध्ये स्पीडी वेस्ट यांना त्यांनी तीन मानांची, पेडल असलेली गिटार करून दिली. वेस्ट यांनी ती नभोवाणीवर, दूरचित्रवाणीवर आणि असंख्य ध्वनिमुद्रणांत वाजविली. गिटारवादक जिमी ब्रायंट यांच्यासोबतच्या त्यांच्या वादनामुळे हे वाद्य देशभर पोहोचले. गिटारीच्या दर्शनी भागावर वेस्ट यांचे नाव मोठ्या अक्षरांत कोरलेले होते. ही प्रथा बिग्सबी यांनी पुढेही पाळली. त्यांच्याकडील बहुतेक स्टील गिटारींवर निर्मात्याच्या नावाबरोबर मालकाचेही नाव दिसते.

हे नाव केवळ शोभेसाठी नव्हते. वाद्य खरोखरच त्या एका माणसासाठी घडविलेले असे. माना किती असाव्यात, प्रत्येक मानेवर किती तारा असाव्यात, पेडल किती असावेत आणि कोणत्या पेडलने कोणती तार किती वर किंवा खाली जावी, हे मागणी नोंदवतानाच ठरत असे. दोन वादकांची जुळणी सहसा एकसारखी नसे. म्हणून दोन वाद्यांची आतील यंत्रणाही एकसारखी नसे.

वाद्याचा सांगाडा नक्षीदार रेषांच्या मेपल लाकडाचा असे. खुंट्यांची चौकट, घोडीकडील यंत्रणा आणि इतर अनेक भाग ॲल्युमिनियममध्ये ओतलेले असत. पिकअपही बिग्सबी स्वतःच गुंडाळीत. त्यांचा स्पष्ट, भरदार नाद हे या वाद्यांचे वैशिष्ट्य मानले जाते. लाकूडकाम, ओतकामाचे साचे, यांत्रिक जोडणी आणि विद्युत भाग ही सर्व कामे एकाच छपराखाली होत असल्याने उत्पादनाचा वेग मात्र कमी राहिला. मागणी वाढली तशी प्रतीक्षायादीही लांबत गेली.

सोय आणि सुलभता

पेडल स्टील गिटार वाजविताना वादकाचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय गुंतलेले असतात. डाव्या हातात सळई असते आणि उजव्या हाताच्या अंगठ्याला व बोटांना नख्या चढविलेल्या असतात. डावा पाय स्वर बदलणाऱ्या पेडलांवर फिरतो आणि उजवा पाय आवाजाची पातळी सांभाळतो. अशा स्थितीत तासन्तास बसायचे असल्याने वाद्याची उंची, पेडलांमधील अंतर आणि ते दाबण्यास लागणारा जोर या बाबी थेट वादनावर परिणाम करतात. वाद्य बुटके असल्यास मांड्या खालच्या यंत्रणेला घासतात. ते फार उंच असल्यास खांदे वर उचलावे लागतात आणि सळईवरील ताबा सुटतो. पेडल टाचेच्या मानाने उंच असल्यास घोटा आखडतो.

पेडलच्या जोराबाबत तरफेचा साधा नियम लागू होतो. ओढणी आसाच्या जवळ जोडली, तर पेडल हलका होतो, पण तोच स्वर गाठण्यासाठी तो अधिक खोल दाबावा लागतो. ओढणी आसापासून दूर जोडली, तर थोड्या दाबात स्वर बदलतो, मात्र पाय लवकर थकतो. संथ गीतांत स्वर हळूहळू चढविणाऱ्या वादकाला पहिला प्रकार सोयीचा असतो. वेगाने वाजविणाऱ्याला दुसरा मानवतो. यातील योग्य बिंदू वादकागणिक वेगळा असतो. मागणीनुसार वाद्य घडविण्याच्या बिग्सबी यांच्या पद्धतीचे महत्त्व यातून लक्षात येते.

या पद्धतीची दुसरी बाजूही होती. वाद्य एका विशिष्ट जुळणीसाठी बांधलेले असल्याने वादकाने पुढे विचार बदलला, तर यंत्रणेत फेरफार करणे सोपे नसे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात फेंडर कंपनीने तारदोरांवर चालणाऱ्या पेडल स्टील गिटारी आणल्या. त्यांत दोर काढून दुसरीकडे अडकविला की पेडलचे काम बदलता येई. घडणीच्या सफाईत बिग्सबी यांची वाद्ये सरस मानली गेली, तरी बदलाची ही मोकळीक आणि सहज उपलब्धता यांमुळे कारखान्यात बनलेल्या वाद्यांनी बाजारपेठ मिळविली.

'स्लोली' आणि त्यानंतर

सुरुवातीला पेडलचा उपयोग एका जुळणीतून दुसऱ्या जुळणीत जाण्यापुरता होत असे. पेडल दाबल्यानंतर तारा छेडल्या जात, त्यामुळे स्वर बदलण्याची क्रिया श्रोत्यांना ऐकू येत नसे. बड आयझॅक्स या वादकाने बिग्सबी यांच्याकडून दोन मानांची पेडल गिटार करून घेतली आणि तारा वाजत असतानाच पेडल दाबण्यास सुरुवात केली. काही तारा आपल्या जागी स्थिर राहून इतर तारांचे स्वर वर सरकत आणि एका स्वरसंघातून दुसरा स्वरसंघ उमलल्यासारखा ऐकू येई. वेब पिअर्स यांच्या 'स्लोली' या गीतात हा परिणाम प्रथम ठळकपणे ऐकू आला. १९५४ मध्ये हे गीत कंट्री संगीताच्या यादीत अग्रस्थानी पोहोचले.

या एका ध्वनिमुद्रणाने स्टील गिटारवादनाची दिशा बदलली. तो नाद पेडलशिवाय काढणे जवळजवळ अशक्य होते, त्यामुळे पेडल नसलेले वाद्य वाजविणाऱ्यांसमोर रोजगाराचा प्रश्न उभा राहिला. डाउनी येथे मागणी नोंदवून दीर्घकाळ थांबणे प्रत्येकाला शक्य नव्हते. अनेकांनी हाती लागेल त्या साहित्यातून स्वतःच्या जुन्या गिटारीला पेडल बसविले. नॅशव्हिल येथे शॉट जॅक्सन व बडी एमन्स यांनी याच गरजेतून जुन्या वाद्यांना पेडल बसवून देण्याचे काम हाती घेतले. त्यातून 'शो-बड' ही पेडल स्टील गिटारींची प्रसिद्ध कंपनी उभी राहिली.

एमन्स हे स्वतः बिग्सबी गिटार वाजवीत. आयझॅक्स यांच्या पद्धतीत एकाच पेडलने काही तारा पूर्ण स्वराने आणि काही अर्ध्या स्वराने वर जात. एमन्स यांनी ही दोन कामे दोन शेजारच्या पेडलांवर विभागली. पाऊल किंचित कलते ठेवून दोन्ही पेडल एकत्र दाबता येत आणि घोटा वळवून त्यांपैकी एकच दाबता येई. त्यामुळे स्वररचनेच्या शक्यता वाढल्या. जिमी डे यांनीही अशीच विभागणी केली, परंतु पेडलांचा क्रम उलटा ठेवला. हे दोन क्रम आजही 'एमन्स' आणि 'डे' या नावांनी प्रचलित आहेत. नवे वाद्य घेताना वादकाला घोट्याच्या सोयीनुसार त्यांपैकी एक निवडावा लागतो.

मर्ल ट्रॅव्हिस यांची गिटार

गायक व गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस यांनाही मोटारसायकलींची आवड होती आणि त्यांची बिग्सबी यांच्याशी मैत्री होती. स्टील गिटारीचा स्वर दीर्घकाळ टिकतो, तसा साध्या गिटारीचाही टिकावा, अशी ट्रॅव्हिस यांची इच्छा होती. पोकळ पेटीऐवजी पातळ आणि घन शरीर ठेवल्यास ते साधेल, या विचाराने त्यांनी एक आराखडा काढून दिला. त्यावरून बिग्सबी यांनी १९४८ मध्ये मेपल लाकडाची गिटार तयार केली. तिच्यावर पत्त्यांतील बदाम, चौकट, किलवर व इस्पिक या चिन्हांची सजावट होती. सहाही खुंट्या शीर्षाच्या एकाच बाजूला होत्या. त्यामुळे वादकाला हात न वळविता सर्व तारा जुळविता येत. ही गिटार आज नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम या संग्रहालयात जतन केलेली आहे.

यानंतर ग्रेडी मार्टिन यांच्यासाठी दोन मानांची गिटार आणि बॉब विल्स यांच्या वाद्यवृंदातील टायनी मूर यांच्यासाठी पाच तारांचे विद्युत मेंडोलिन बिग्सबी यांनी घडविले. वादकांकडील चालू वाद्यांना नवी मान बसवून देण्याचे कामही ते करीत. स्वतः ट्रॅव्हिस यांच्या मार्टिन गिटारीला आणि गायक लेफ्टी फ्रिझेल यांच्या गिब्सन गिटारीला त्यांनी अशा माना बसविल्या होत्या.

श्रेयाचा वाद

लिओ फेंडर यांची भरीव लाकडाची गिटार १९५० मध्ये आणि 'स्ट्रॅटोकास्टर' हे प्रसिद्ध वाद्य १९५४ मध्ये बाजारात आले. स्ट्रॅटोकास्टरच्या शीर्षाची बाह्यरेषा ट्रॅव्हिस यांच्या गिटारीशी बरीच मिळतीजुळती आहे. फेंडर यांनी आपली गिटार पाहण्यासाठी उसनी नेली होती, असे ट्रॅव्हिस यांनी पुढे सांगितले. फेंडर यांनी मात्र एका बाजूला खुंट्या असण्याची कल्पना क्रोएशियातील पारंपरिक वाद्यांवरून सुचल्याचे म्हटले. व्हिएन्नातील योहान गेओर्ग श्टाउफर यांच्या एकोणिसाव्या शतकातील गिटारींतही अशी रचना आढळते. त्यामुळे ही कल्पना कोणा एकाची आहे असे ठरविणे अवघड आहे. भरीव शरीराच्या गिटारीचे प्रयोग त्याच काळात इतरत्रही चालू होते. बिग्सबी यांनी ती व्यावसायिक वादकाच्या हाती लवकर आणि परिपूर्ण स्वरूपात दिली, याबाबत मात्र सामान्यतः एकमत आढळते. मोठ्या प्रमाणावर उत्पादनाचा मार्ग न स्वीकारल्याने प्रसिद्धी आणि आर्थिक लाभ इतरांच्या वाट्याला अधिक गेला.

व्हायब्रेटो यंत्रणा

ट्रॅव्हिस यांच्या गिब्सन गिटारीवर डॉक कॉफमन यांनी रचलेली कंपनयंत्रणा होती. ती वापरल्यावर तारांची जुळणी बिघडत असे. ट्रॅव्हिस यांनी ती दुरुस्तीसाठी बिग्सबी यांच्याकडे दिली. जुनी यंत्रणा सुधारण्याऐवजी बिग्सबी यांनी नवीच रचना केली. तिच्यात तारांची टोके एका फिरत्या दांड्यावरील खिळ्यांना अडकविलेली असतात. दांड्याला जोडलेली तरफ एका भक्कम स्प्रिंगवर टेकलेली असते. तरफ हलकेच दाबली की दांडा किंचित फिरतो, तारा सैल होतात आणि स्वर खाली येतो. तरफ सोडताच स्प्रिंग सर्व काही पूर्ववत करते. पेडल स्टील गिटारीत पायाने साधलेली गोष्ट येथे हाताच्या एका हालचालीने काही अंशी साधली गेली.

१९५० च्या दशकात ही यंत्रणा गिब्सन आणि ग्रेच या कंपन्यांच्या गिटारींवर बसविली जाऊ लागली. गिटारवादक चेट ॲटकिन्स यांनी ती वापरल्याने तिचा प्रसार वाढला. सुट्या भागाच्या स्वरूपात ती कोणत्याही कार्यशाळेला विकता येत असल्याने बिग्सबी यांना प्रथमच नियमित उत्पन्नाचे साधन मिळाले. मागणी इतकी वाढली की संपूर्ण वाद्ये बनविण्याचे काम हळूहळू मागे पडले.

अखेरची वर्षे

१९६० च्या दशकाच्या मध्यास बिग्सबी यांनी आपला व्यवसाय विकण्याचे ठरविले. गिब्सन कंपनीचे अध्यक्ष टेड मॅकार्टी यांनी तो विकत घेतला आणि १९६६ पासून ते मिशिगन राज्यातील कॅलामाझू येथून तो चालवू लागले. ७ जून, १९६८ रोजी बिग्सबी यांचे निधन झाले. मॅकार्टी यांच्याकडून १९९९ मध्ये हा व्यवसाय ग्रेच कंपनीकडे आणि २०१९ मध्ये फेंडर कंपनीकडे गेला.

वारसा आणि वाद्यांचे जतन

बिग्सबी यांच्या हातच्या पेडल स्टील गिटारी आज दुर्मिळ आहेत आणि संग्राहकांत त्यांना मोठी किंमत आहे. या वाद्यांच्या बाबतीत जतन आणि वापर यांचा मेळ घालणे हा एक कळीचा प्रश्न ठरतो. त्यांच्या काळात मानेवर सहसा आठ तारा असत. पुढे दहा तारांच्या माना रूढ झाल्या. गुडघ्याने हलविण्याचे लिव्हर, म्हणजेच नी लिव्हर, प्रामुख्याने १९६० च्या दशकात प्रचारात आले. त्यामुळे आजचे वादन मूळ अवस्थेतील बिग्सबी गिटारीवर जसेच्या तसे करता येत नाही. अनेक मालकांनी आपापल्या काळात अशा गिटारींत नवे पेडल किंवा नी लिव्हर बसवून घेतले. त्यासाठी लाकडाला भोके पाडावी लागली आणि काही ठिकाणी मूळ भागही हरवले.

अशा वाद्यांवर काम करताना मूळ रूपात परत आणता येतील तेवढेच बदल करावेत, असा विचार आज प्रभावी आहे. पायांना जोड देऊन उंची वाढविणे, पेडलांच्या सळया लांब किंवा आखूड करणे, बैठकीची उंची बदलणे, सांध्यांतील झीज भरून काढणे आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग जपून ठेवणे या उपायांनी वाद्य इजा न होता पुष्कळ सोयीचे होते. याउलट, बिग्सबी यांनी स्वतः प्रत्येक वाद्य वादकाच्या शरीराला आणि गरजेला अनुसरून घडविले असल्याने नव्या वादकासाठी त्यात बदल करणे हे त्यांच्या कार्यपद्धतीशी सुसंगतच आहे, असेही मत मांडले जाते.

आधुनिक पेडल स्टील गिटारीत यांत्रिक सुधारणा बऱ्याच झाल्या. तरीही वादकाची जुळणी, पेडलांचा क्रम आणि वाद्याची उंची विचारूनच वाद्य बनविण्याची प्रथा या क्षेत्रात अजून टिकून आहे. बिग्सबी यांच्या नावाची व्हायब्रेटो यंत्रणा आजही उत्पादनात असून तिची मूलभूत रचना फारशी बदललेली नाही.